झाडांआडचा किल्ला: जलरंगातील एका निसर्गदृश्याची उकल

इंग्लंडमधील कोणत्याही जुन्या चित्रसंग्रहात कागदावरची चित्रे ठेवलेले कप्पे उघडले, तर त्यांत एका प्रकारचे चित्र हमखास सापडते. पुढे एका बाजूला तपकिरी-हिरवी दाट झाडी असते आणि तिच्या फांद्यांनी वरचा कोपरा झाकलेला असतो. झाडीच्या फटीतून खाली उतरणारी एखादी पाऊलवाट किंवा नदीचे वळण दिसते. आणि त्या फटीच्या पलीकडे, निळसर धुक्यात अर्धवट विरघळलेला, बुरूज ढासळलेला एक किल्ला उभा असतो. हे चित्र बहुधा मांडीवर मावेल एवढेच असते, जलरंगात केलेले असते आणि साधारणपणे १७७० ते १८४० या काळातले असते. अशी चित्रे इतकी झाली, की ती पाहून ‘छान आहे’ म्हणत पुढे सरकण्याची सवय लागते. पण थोडे थांबले तर एक साधा प्रश्न पडतो: किल्लाच दाखवायचा होता, तर तो झाडांआड का ठेवला?

याचे उत्तर अर्धे त्या काळच्या अभिरुचीत आहे आणि अर्धे जलरंग या माध्यमाच्या स्वभावात आहे. अभिरुचीविषयी पुष्कळ लिहिले जाते, माध्यमाविषयी त्या मानाने कमी. माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. पण तिथे पोचण्याची वाट पहिल्या अर्ध्यातूनच जाते.

उदाहरणासाठी एकच जागा घेऊ. वाय ही नदी वेल्सच्या डोंगरांत उगम पावते, इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेलगत वळणे घेत दक्षिणेकडे येते आणि चेपस्टो या गावाखाली सेव्हर्न नदीच्या मुखाशी जाऊन मिळते. तिच्या काठी हेरेफर्डशर परगण्यात, रॉस या गावापासून काही मैल खाली, गुडरिच नावाचा किल्ला आहे. त्याचा चौकोनी बालेकिल्ला बाराव्या शतकातला आणि करड्या दगडाचा आहे. त्याभोवतीचे तट आणि गोल बुरूज तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, तांबड्या वालुकाश्माचे आहेत. इंग्लंडमधील यादवी युद्धात राजाच्या बाजूच्या शिबंदीने हा किल्ला लढवला. १६४६ मध्ये संसदेच्या सैन्याने कर्नल जॉन बर्च यांच्या हाताखाली त्याला वेढा घातला, ‘रोअरिंग मेग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उखळी तोफेने मारा केला, आणि किल्ला शरण आल्यावर तो पुन्हा लढवता येऊ नये अशी त्याची मोडतोड करण्यात आली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत भिंतींवर आयव्हीच्या वेली चढल्या आणि उताराभोवती झाडी माजली. चित्रकार तिथे पोचू लागले, तेव्हा हा किल्ला लढाईसाठी निकामी आणि चित्रासाठी मात्र चांगला पिकलेला होता.

तिथे पोचण्याची सोयही झाली होती. अठराव्या शतकाच्या मध्यास रॉसचे धर्मगुरू जॉन एगर्टन आपल्या पाहुण्यांना नावेतून नदीची सैर घडवू लागले आणि पुढे हाच नावाड्यांचा धंदा झाला. रॉसहून निघायचे, वाटेत गुडरिच पाहायचे, मनमथ गावी मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी टिंटर्न येथील पडक्या मठाचे अवशेष पाहून चेपस्टोला उतरायचे, असा हा दोन दिवसांचा प्रवास असे. नावेवर छत असे आणि बसून लिहिता किंवा रेखाटता यावे म्हणून मधे टेबलही मांडलेले असे. १७७० मध्ये विल्यम गिल्पिन नावाचे एक शिक्षक आणि धर्मोपदेशक या नावेतून गेले आणि १७८२ मध्ये त्यांनी त्या प्रवासाची निरीक्षणे पुस्तकरूपाने छापली. गुडरिचपाशी नावाड्यांनी नाव थांबवली तेव्हा काय दिसले, हे ते नेमकेपणाने सांगतात: नदीचे प्रशस्त वळण, उजवीकडे झाडीने झाकलेला उभा काठ, त्यापलीकडे पुढे आलेले उंच टोक आणि त्या टोकावर झाडांतून वर आलेला किल्ला. या दृश्याला नियमांनुसार अचूक ‘पिक्चरेस्क’ म्हणायला हरकत नाही, आणि निव्वळ नैसर्गिक दृश्याच्या बाबतीत असे क्वचितच म्हणता येते, असा शेरा त्यांनी मारला आहे.

या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण या चित्रांचे सगळे व्याकरण त्यात आहे. मराठीत त्याला ‘चित्रोपम’ म्हणता येईल: जे चित्रात शोभेल ते. १७५७ मध्ये विचारवंत एडमंड बर्क यांनी सौंदर्याच्या अनुभवाचे दोन भाग पाडले होते. गुळगुळीत, लहान, सौम्य ते सुंदर. प्रचंड, अंधारे, भय उत्पन्न करणारे ते भव्योदात्त. गिल्पिन यांच्या लक्षात आले, की ज्या गोष्टी चित्रात खुलतात, त्यांतल्या कितीतरी या दोन्हींत नीट बसत नाहीत. नवाकोरा, सरळ भिंतींचा वाडा प्रत्यक्षात सुंदर असतो, पण कागदावर तो कंटाळवाणा दिसतो. तोच वाडा अर्धा पडला, कडा खडबडीत झाल्या, भेगांतून झुडपे उगवली, की प्रकाश त्यावर अडखळत पडतो आणि ब्रशला काम मिळते. म्हणून चित्रोपम म्हणजे खडबडीत, तुटक, वैविध्याने भरलेले. ही कसोटी गिल्पिन यांनी इतक्या निष्ठेने लावली, की टिंटर्नच्या मठाच्या त्रिकोणी भिंती फार नियमित दिसतात, तिथे हातोडा जपून चालवला तर बरे होईल, असे त्यांनी लिहून ठेवले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वाचून घाम फुटेल. चित्रकार मात्र मनातल्या मनात हसून मान डोलावेल.

हा वाद पुढे रंगवणारे दोन जमीनदारही याच हेरेफर्डशरचे होते. फॉक्सलीचे युवेडेल प्राइस आणि डाउनटनचे रिचर्ड पेन नाइट या दोघांनी १७९४ मध्ये, बागा आणि उपवने गुळगुळीत हिरवळीची न करता चित्रासारखी रानटी ठेवावीत, अशी बाजू मांडली. नाइट यांनी आपले घरच किल्ल्याच्या आकाराचे बांधले होते आणि भोवतालच्या दरीतील झाडीची दृश्ये टॉमस हर्न या चित्रकाराकडून जलरंगांत करवून घेतली होती. सर्वांनाच हे सोंग रुचले असे नाही. १८२८ नंतर चिलखतांचे संग्राहक सॅम्युएल रश मेरिक यांनी गुडरिचच्या शेजारीच मध्ययुगीन थाटाचा एक नवा वाडा उभारला, तेव्हा कवी वर्ड्स्वर्थ इतके चिडले, की तो उडवून देण्याचे सामर्थ्य आपल्याकडे असते तर बरे झाले असते, असे त्यांनी म्हणून ठेवले आहे. पडका किल्ला खरा असला पाहिजे, एवढा त्यांचा हट्ट होता.

दृश्य चौकटीत कसे बसवायचे, याचा धडा मात्र या मंडळींनी इंग्लंडमधून घेतला नव्हता. सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणारे क्लोद लोरँ यांच्या तैलचित्रांत पुढे दोन्ही बाजूंना किंवा एका बाजूला गडद झाडे, मधे उजळ मोकळी जागा आणि शेवटी सोनेरी धुक्यात एखादी इमारत, अशी रचना असे. नाटकाच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना विंगा असतात, तशीच ही झाडे. ती पाहणाऱ्याची नजर बाहेर जाऊ देत नाहीत आणि मधल्या उजेडाकडे ढकलतात. इंग्रज प्रवाशांना या रचनेचा इतका लळा लागला, की ते ‘क्लोद ग्लास’ नावाचा एक लहान, काळसर, फुगीर आरसा खिशात घेऊन हिंडत. त्यात पाहिले की विस्तीर्ण देखावा आकसून लहान होई, रंग मंद होत आणि बारीक तपशील गळून पडत. अडचण एवढीच, की आरसा असल्यामुळे देखाव्याकडे पाठ करून उभे राहावे लागे. कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये केझिकजवळ या आरशात पाहत चालताना पडले. बोटांची सालटी निघाली, आरसा मात्र शाबूत राहिला.

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडता ते १८१५ पर्यंत चालले. त्यामुळे आल्प्स आणि इटलीची वाट बंद झाली. घरच्याच नद्या, मठ आणि किल्ले यांना जे महत्त्व आले, त्याचे एक साधे कारण हे आहे. दुसरे कारण रंगांच्या वड्यांचे. त्याआधी जलरंग म्हणजे चित्रकाराने स्वतः रंगद्रव्य घोटून डिंकात कालवण्याचे काम होते. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ज बंधूंनी ओल्या ब्रशने घासताच विरघळणारी रंगाची टणक वडी बाजारात आणली आणि १७८१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना त्यासाठी रुपेरी पॅलेट बक्षीस दिले. आता लाकडी पेटी, पाण्याची बाटली आणि वही एवढ्या सामानावर कोणीही नदीकाठी बसू शकत होते. जलरंग शिकवणे हा चित्रकारांसाठी पोटापाण्याचा उद्योग झाला. शिकणाऱ्यांत सुखवस्तू घरांतील स्त्रियांची संख्या मोठी होती.

आता माध्यमाकडे वळू. तैलरंगात काळोख आधी रंगवून त्यावर उजेड चढवता येतो, कारण पांढरा रंग दाट असतो आणि खालचे झाकतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंगच नसतो. पांढरे म्हणजे कागद. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून खाली जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत वर येतो. प्रत्येक नवा थर या येण्याजाण्यात थोडा उजेड खातो. म्हणून जलरंग फक्त एकाच दिशेने जातो, फिकटाकडून गडदाकडे. एकदा गमावलेला उजेड सहजासहजी परत मिळत नाही. हा नियम कळला की झाडांआडच्या किल्ल्याचे निम्मे रहस्य उलगडते.

कारण निसर्गातही अंतराचा नियम जवळजवळ हाच आहे. दूरच्या गोष्टी फिकट आणि निळसर दिसतात, जवळच्या गडद आणि उष्ण. हवेतील रेणू निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त विखुरतात. दूरच्या अंधाऱ्या झाडीकडून डोळ्यापर्यंत फारसा प्रकाश येत नाही, पण मधल्या हवेने विखुरलेला निळा प्रकाश मात्र येतो, म्हणून काळी टेकडी निळी दिसते. उलट उन्हात न्हालेली दूरची भिंत डोळ्याकडे पाठवते त्या प्रकाशातला थोडा निळा भाग वाटेत हरवतो, म्हणून ती किंचित पिवळसर-तांबूस दिसते. हे गणिताने मांडण्याचे काम भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये केले. चित्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून किल्ल्याची उन्हाची बाजू उष्ण आणि सावलीची बाजू निळी करत आले होते.

हे दोन नियम एकत्र ठेवले, तर चित्र रंगवण्याचा क्रम आपोआप ठरतो. शिसपेन्सिलीने हलकी रेखाटणी झाली की कागद थोडा तिरका धरून आकाशाचा पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग थर, वरून खाली ओढायचा, आणि तो डोंगरापाशी न थांबवता डोंगर, किल्ल्याची सावलीची बाजू आणि कधी कधी मधली झाडी यांच्यावरूनही खाली आणायचा. किल्ल्याची उन्हाची भिंत तेवढी कोरी सोडायची. हा वॉश वाळला की निळ्या-करड्या रंगाने डोंगराची कड आणि बुरुजांची सावली. तो वाळला की थोड्या हिरव्या रंगाने पलीकडच्या काठाची झाडी. असे थरावर थर चढत पुढे येतात आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत गडद रंगाने, जवळची झाडे येतात. किल्ल्यावर एखाद-दुसराच थर असतो. झाडांखाली सगळे थर गाडलेले असतात. ज्या गोष्टीच्या नावाने चित्र ओळखले जाते, तीच त्यात सर्वांत कमी रंगवलेली असते. चित्रकार किल्ल्यापासून निघून झाडांपाशी येतो, पाहणारा झाडांपासून निघून किल्ल्यापाशी जातो. दोघे एकच वाट उलट दिशांनी चालतात.

म्हणूनच पुढची झाडे हा केवळ रिकामा कोपरा भरण्याचा उपाय नाही. कोरा कागद एकटा असला तर तो नुसता कागद दिसतो. त्याच्या शेजारी दाट तपकिरी-हिरवा रंग आला, की तोच कागद ऊन होतो. किल्ल्याचा उजेड झाडांनी निर्माण केलेला असतो. घरी एखादे छापील चित्र असेल, तर पुढची झाडे हाताने झाकून पाहावीत. मागचा किल्ला लगेच मलूल आणि सपाट होतो.

हे सगळे सोसणारा कागदही हवा होता. जुन्या कागदावर साच्याच्या तारांच्या रेषा उमटलेल्या असत आणि पातळ वॉश त्या रेषांत साचून पट्टे पडत. केंटमधील मेडस्टोनजवळच्या टर्की मिलमध्ये जेम्स व्हॉटमन यांनी १७५७ च्या सुमारास विणलेल्या बारीक जाळीवर कागद काढला. त्यावर रेषा नव्हत्या. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या या कागदाला प्राणिज सरसाचा हात दिलेला असे. त्यामुळे रंग लगेच शोषला जात नसे, वरच्या पृष्ठभागावर रेंगाळे, ओल्या स्पंजाने पुसता येई आणि चाकूने खरवडला तरी कागद फाटत नसे.

या खरवडण्याला फार महत्त्व आहे, कारण झाडांची खरी अडचण तिथेच येते. उजळ आकाशासमोर गडद पाने काढणे सोपे: ब्रशच्या टोकाने टिपके मारावेत, प्रत्येक चित्रकाराचे हे टिपके त्याच्या हस्ताक्षरासारखे ओळखू येतात. पण गडद झाडीसमोर उन्हाने चमकणारे पान कसे काढणार? फिकटाकडून गडदाकडे जाणाऱ्या माध्यमात ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. एक उपाय म्हणजे पानांच्या जागा सोडून भोवती रंगवत जाणे, पण त्यात जीव मेटाकुटीला येतो. चित्रकार फ्रान्सिस निकोल्सन यांनी मेण, टर्पेंटाइन आणि पांढरे रंगद्रव्य यांचे मिश्रण पानांच्या जागी आधी लावून, वरून गडद रंग देऊन, नंतर ते मिश्रण काढून टाकण्याची युक्ती काढली. काही जण वाळलेल्या रंगावर पाण्याने पानाचा आकार काढत, क्षणभराने टिपकागद दाबत आणि पावाच्या चुऱ्याने घासून तेवढा रंग उचलत. काही जण सरळ चाकूच्या टोकाने खरवडत. चित्रकार जोसेफ टर्नर यांनी त्यासाठी अंगठ्याचे नख वाढवून ठेवले होते, असे सांगतात. अशा चित्राकडे तिरप्या उजेडात पाहिले, तर पुढच्या झाडीत कागदाची लव उठलेल्या बारीक जखमा दिसतात. दुरून त्याच जखमा पाण्यावरची चमक किंवा उन्हातली फांदी वाटतात.

हिरवा रंगही सरळ वडीतून क्वचितच घेतला जाई. नीळ किंवा प्रशियन निळा, त्यात गँबोज नावाची आग्नेय आशियातून येणारी पिवळी राळ, आणि त्यात जळक्या सिएना मातीचा तांबूस रंग, असे मिश्रण करत. जवळच्या झाडांत माती जास्त, दूरच्या झाडांत नीळ जास्त. त्यामुळे तीनच वड्यांत अंतराचा सगळा हिशोब बसत असे आणि चित्र एकजीव राहत असे. आज बाजारात मिळणाऱ्या तयार हिरव्या रंगाने केलेली निसर्गचित्रे भाजीच्या गाड्यासारखी का दिसतात, याचे उत्तरही यात आहे.

या पद्धतीला टोकाला नेणारे दोघे, जोसेफ टर्नर आणि टॉमस गर्टिन, एकाच वर्षी, १७७५ मध्ये जन्मले. विशीच्या आसपास ते लंडनमध्ये डॉ. टॉमस मन्रो यांच्या घरी संध्याकाळी सहा ते दहा या वेळात जुन्या चित्रांच्या नकला करत. गर्टिन रेखाटणी करत, टर्नर त्यावर वॉश देत आणि टर्नर यांना रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. त्यांच्या आधीच्या पिढीत काळ्या-करड्या शाईने छाया-प्रकाश पूर्ण करून वरून हलका रंग फिरवण्याची रीत होती. या दोघांनी करड्याचा पाया सोडून सावलीसुद्धा रंगातच रंगवायला सुरुवात केली. गर्टिन १८०२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी गेले. टर्नर १७९७ मध्ये उत्तरेकडे ट्वीड नदीवरील नॉरम किल्ल्यापाशी गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी रॉयल अकादमीत, म्हणजे लंडनमधील कलावंतांच्या मुख्य संस्थेत, त्याची उन्हाळी सकाळ जलरंगात मांडली. तिथे किल्ला झाडांआड नाही, तर उगवतीच्या आड आहे: सूर्य मागे, समोर निळा बुरूज. पडदा झाडांचा असो की उजेडाचा, किल्ला पूर्ण दाखवायचा नाही हे सूत्र तेच आहे. या चित्राने त्यांचे नाव झाले. १८३१ मध्ये पुन्हा तिथून जाताना त्यांनी किल्ल्यासमोर टोपी उतरवली आणि सोबतच्या प्रकाशकाला सांगितले, की याच्यामुळे तेव्हापासून हाताला काम कमी पडलेले नाही.

सर्वांचीच वाट ही नव्हती. जॉन सेल कॉटमन यांनी १८०५ च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमधील ग्रेटा नदीकाठची झाडी रंगवली, ती पाने मोजण्याच्या भानगडीत न पडता. रंगाचे सपाट, एकमेकांत अडकलेले तुकडे ठेवून त्यांनी झाडीचा नकाशाच केला. मला स्वतःला ही चित्रे टर्नरच्या तरुणपणीच्या चित्रांपेक्षा अधिक धीट वाटतात. डेव्हिड कॉक्स यांनी १८१४ ते १८२७ या काळात हेरेफर्डमध्येच राहून चित्रकला शिकवली आणि पुढे गुंडाळण्यासाठी वापरतात तो जाडाभरडा स्कॉटिश कागद चित्रांसाठी घेतला. त्या कागदात काळे कण असत. आकाशात ते आले तर काय करता, या प्रश्नावर, त्यांना पंख जोडतो म्हणजे ते उडून जातात, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे.

एवढे करूनही रॉयल अकादमीच्या भिंतींवर ही लहान, पातळ रंगांची चित्रे भडक सोनेरी चौकटींतल्या तैलचित्रांशेजारी हरवून जात. म्हणून ३० नोव्हेंबर १८०४ रोजी दहा चित्रकारांनी जलरंगकारांची स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि १८०५ मध्ये पहिले प्रदर्शन भरवले. तिचे पहिले अध्यक्ष विल्यम सॉरी गिल्पिन, म्हणजे वायच्या प्रवासवर्णनाच्या लेखकाचे पुतणे. काकांच्या पुस्तकातील चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीने छापण्याचे कामही त्यांनीच केले होते. ॲक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेचे बारीक कण बसवून आम्लाने कोरतात, त्यामुळे छाप्यात जलरंगाच्या वॉशसारखी मऊ छटा उतरते; झाडांआडचा किल्ला घरोघरी पोचला तो या छाप्यांमुळे.

या प्रवाहाचा एक फाटा पुण्यालाही आला. जेम्स वेल्स हे स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरले आणि पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने पुण्यात काम करू लागले. गंगाराम चिंतामण तांबट यांनीही मॅलेट यांच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे केली. त्यांचे पुष्कळसे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. वेल्स १७९५ मध्ये वारले आणि त्यांनी केलेली वेरूळची रेखाटने टॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये लंडनला ॲक्वाटिंटमध्ये छापली. पुढे १८२६ ते १८३० या काळात रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले यांनी पश्चिम भारताच्या दृश्यांचा जो रंगीत संग्रह काढला, त्यात बोरघाट आहे आणि दौलताबादचा किल्लाही आहे. सह्याद्रीतला किल्ला बहुधा उघड्या कातळावर बसलेला असतो, त्याला इंग्लंडच्या ओक वृक्षांचा पडदा मिळत नाही. आपल्याकडे ते काम पावसाळ्यात ढग करतात.

हिंदुस्थानाचा आणखी एक धागा थेट रंगाच्या वडीत होता. चित्रकार वापरत ती नीळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर बंगालातून जाऊ लागली होती. करडे आकाश आणि दूरचा डोंगर यांसाठी नीळ आणि तांबडी माती एकत्र करण्याची पद्धत सर्रास होती. नीळ प्रकाशात हळूहळू उडते, माती उडत नाही. त्यामुळे दोनशे वर्षे भिंतीवर राहिलेल्या चित्रांत पावसाळी आकाश गुलाबी झालेले दिसते, हिरवी झाडी तपकिरी झालेली दिसते आणि किल्ला धुक्याऐवजी संध्याकाळच्या उन्हात उभा असल्यासारखा वाटतो. गर्टिन यांच्या कितीतरी चित्रांचे असे झाले आहे. जुन्या जलरंगांतील उबदार, सोनेरी उदासी ही काही वेळा चित्रकाराची भावना नसते, उडालेली नीळ असते. १८८६ मध्ये जलरंग उडतात की नाही यावर लंडनच्या वर्तमानपत्रांत कडाक्याचे भांडण झाले. १८८८ मध्ये रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी प्रयोगांनिशी अहवाल देऊन, प्रकाशाने रंग उडतात हे दाखवून दिले. तेव्हापासून संग्रहालये अशी चित्रे मंद उजेडात आणि मोजके दिवसच मांडतात. संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्राने १९०० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला टर्नर यांचे ३८ जलरंग मिळाले, तेव्हा ते फक्त जानेवारीत, क्षीण उजेडाच्या महिन्यात दाखवावेत अशी अट त्यात होती.

चौकटीतील पुठ्ठ्याची किनार दुरुस्तीसाठी उचलली जाते, तेव्हा तिच्याखाली झाकलेली कागदाची एक अरुंद पट्टी उघडी पडते. तिच्यावर उजेड कधीच पडलेला नसतो. बाकीचे आकाश गुलाबी, आणि कडेला तेवढ्याच पट्टीत किल्ल्यावरचे मूळ आभाळ, निळेकरडे, पावसाच्या तयारीतले.